बायकांचं पित्त

कारण : टेन्शन

आबासाहेबांना बघायला येणारा प्रत्येक जण दोन गोष्टी घेऊन येत होता. एक बिस्किटांचा पुडा आणि एक कारण. पुडे सून राजलक्ष्मी कपाटात रचत होती. कारणांना मात्र घरात जागा पुरत नव्हती.

रविवार होता. आबासाहेबांना बारामतीच्या दवाखान्यातून घरी आणल्याची बातमी निमगाव केतकीच्या बाजारात फिरली होती. अंगणापासून डाळिंबाच्या बागेच्या कडेपर्यंत गाड्या लागल्या होत्या, एकीच्या मागे एक, जिथे जागा मिळेल तिथे.

"टेन्शन," धाकटे भाऊ बापूसाहेब म्हणाले. "दुसरं काय न्हाय. कारखान्याची निवडणूक लागली तवाच म्हणलो हुतो, दादा, ह्यात पडू नगा."

"मी उभा कुठं हुतो?"

"उभ्याला कुठं टेन्शन असतंय? टेन्शन पाडणाऱ्याला."

ओसरी हसली. आबासाहेबही हसले आणि त्यांनी नव्या पाहुण्यासमोर उजवे मनगट धरले. तिथे अजून चिकटपट्टी होती. "हितनं तार घातली. पार हृदयापोतर. ठिबकच्या नळीत क्षार धरतोय का न्हाय, तसं आत धरलं हुतं. नळी फुगिवली, जाळी बसिवली, पाणी चालू." हे ते प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत. उसाच्या बांधावर छाती धरून बसलेला तो माणूस आता फडातून मान मिळवून आलेल्या पैलवानासारखा उशीला टेकून बसला होता.

बनाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली. ट्रे जड वाटला. सकाळपासूनच वाटत होता. नवरा परत आला होता, हसत होता, खोटे खोटे भांडत होता. त्यापुढे ट्रेचे काय, असे म्हणून ती पुढे झाली.

कारण : तंबाखू

याचा निकाल बनाबाईने आधीच लावला होता. आबासाहेब घरी आले त्याच दिवशी तिने कोटाच्या खिशातून, गोठ्याच्या वळचणीतून, ट्रॅक्टरच्या पेटीतून तंबाखूच्या पुड्या हुडकून काढल्या आणि सगळ्यांच्या देखत बंबात घातल्या. मुलगा अविराज खोकत बाजूला झाला. आबासाहेबांनी धुराकडे असे पाहिले की जणू जवळचे कोणी चालले आहे.

"आता ह्या घरात तंबाखूचा कण दिसला, तर मी हाय आन् तुमी हाय," ती म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखी दातांना मशेरी लावली. तंबाखूचे पान ती स्वतःच तव्यावर काळे होईतो भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची. ती दातांसाठी होती. तिला घरात कोणी तंबाखू म्हणत नव्हते, आणि बनाबाईच्याही ते कधी मनात आले नव्हते.

कारण : घराणं

पलंगाच्या पायथ्याशी विजयमालावन्सं बसल्या होत्या. आबासाहेबांच्या थोरल्या बहिणीला इंदापुराहून यायला उशीर झाला होता, पण आल्यापासून बैठक त्यांचीच होती.

"आमच्या घराण्यात गडी छातीनं जात्यात," त्या पाहुण्यांना सांगत होत्या. "आमचं वडील तसंच गेलं. थोरलं चुलतंबी तसंच. आबानं पयल्यांदा ते मोडलं."

"आणि बायका, आत्या?" राजलक्ष्मीने रिकामे कप उचलता उचलता विचारले. तिचे माहेर लोणी भापकरचे. घराण्याविषयी प्रश्न विचारायचे नसतात, हे ती अजून शिकली नव्हती.

"बायांचं काय? बायांना पित्त." विजयमालावन्संची नजर बनाबाईवर आली. "माझी आई पित्तानंच गेली. भर दुपारी. आंबट ताक कुणी दिलं, का दिलं, ते आता कशाला काढायचं."

आणि दर वेळी काढल्यासारखेच त्यांनी ते काढले.

बनाबाई तेव्हा नवी नवरी होती. सासूने ताक मागितले, तिने दिले. संध्याकाळी घर रडत होते आणि तिच्याकडे बघत होते. पुढे मुले झाली, विहिरी झाल्या, ऊस जाऊन डाळिंब आले, तरी त्या तांब्यातले ताक काही संपले नाही. वन्सं आल्या की बनाबाई त्यांच्या ताटात ताक वाढत नसे. तो एक कायदाच झाला होता. त्याविषयी नवऱ्याने कधी तिची बाजू घेतली नाही, आणि तिने कधी मागितली नाही.

ती स्वयंपाकघरात परतली.

कारण : दात

जबडा पहाटेपासूनच ठणकत होता. डावीकडचा, खालचा. दाढ असेल म्हणून तिने सकाळी मशेरी जरा जास्तच लावली होती, दाबून, बराच वेळ. मग दोन्ही खांद्यांच्या मधोमध कोणीतरी मूठ रोवल्यासारखे झाले. ते पाण्याच्या घागरीचे असेल. मळमळ झाली, ती उपाशी पोटी चहा पिण्याची असेल. छातीत तर काहीच नव्हते. जरा जड, एवढेच. पाहुण्यांच्या घरात कोणत्या बाईची छाती हलकी असते?

तिने फोडणीसाठी कांदा घेतला. विळीवर बसायला वाकली आणि उठायचे कसे ते तिला आठवेना.

"आई."

राजलक्ष्मी मागे उभी होती. तिचा हात बनाबाईच्या पाठीवर होता. "चोळी भिजलीय तुमची."

"चुलीजवळ हाय न्हवं."

"गॅस कधीचा बंद आहे, आई. आणि बाहेर स्वेटर घालून बसलीत माणसं." ती समोर येऊन उकिडवी बसली. "जबडा दुखतोय?"

"दाढ हाय."

"पाठ?"

बनाबाईने विळीवरचा कांदा बाजूला सरकवला.

"आबांना आत नेलं होतं, तेव्हा मी बाहेर बाकावर होते. एक नर्स सांगत होती, पुरुष छाती धरून येतात. बायकांनाही छातीचं होतंच, पण पुष्कळ जणींना जबडा, पाठ, मळमळ, दम, असलं काहीतरी होतं, आणि त्या पित्ताची गोळी खाऊन घरीच बसतात. येतात तेव्हा उशीर झालेला असतो."

"राजी, घरात माणसं हायती. आवाज नगो."

राजलक्ष्मीने आवाज केला नाही. तिने आबांच्या फायलीवरचा नंबर लावला, हळू आवाजात बोलली, ऐकले, आबांच्या औषधांतली रक्त पातळ करायची एक गोळी आणली. "तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, हिची अॅलर्जी नसेल, पोटातून कधी रक्त गेलं नसेल, तर ही चावून खा. अॅम्ब्युलन्स इंदापुराहून यायला वेळ लागणार असेल तर असेल त्या गाडीनं निघा. पायी एक पाऊल टाकू नका." "तसलं काय न्हाय," म्हणत बनाबाईने गोळी चावली.

"चहा कुठं अडकलाय?" विजयमालावन्सं दारात होत्या. त्यांच्या मागे अविराज.

"आईंना दवाखान्यात न्यायचंय, आत्या. हृदयाचं असेल."

"बाईला कसलं हृदयाचं? त्वांड बघ तिचं, पित्त हाय. लिंबू-सोडा दे आन् घटकाभर पडू दे." वन्संचा आवाज खाली आला, म्हणजे जास्त धारदार झाला. "पाव्हणं भरल्यात घरात. आज नवरा उठलाय आन् ही गाडीत बसून चालली, तर लोक म्हणतील, हिला त्येचं बघवलं न्हाय."

अविराजने बायकोकडे पाहिले, आत्याकडे पाहिले. "जरा वेळ बघू की. सोडा देऊन—"

"तुला बघायचं असेल तर बघ," राजलक्ष्मी म्हणाली. "मी गाडी काढते."

बनाबाईला कोणाचीच बाजू घ्यायची नव्हती. तिला लाज वाटत होती. घटकाभर पडावे हेच बरे, असे ती म्हणणार होती. तेवढ्यात तिचाच हात जबड्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

हा हात तिने पाहिला होता.

याच कट्ट्याला टेकून सासू बसली होती, हात असाच जबड्याला. ताक मागितले ते नंतर. जीव घाबरा झाला म्हणून मागितले. त्याच्या आधी पाठ भिजली होती. बनाबाईने स्वतःच्या पदराने ती पुसली होती, आणि आश्चर्य वाटले होते की एवढा घाम, आणि गार कसा.

घाम आधी होता. ताक नंतर.

एवढी वर्षे तिने हे दोन्ही उलट्या क्रमाने लक्षात ठेवले होते, कारण सगळ्या घराने तसे ठेवले होते.

"मला न्या," बनाबाई म्हणाली.

"काय?"

"दवाखान्यात न्या मला." हे ती ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. या घरातल्या कोणत्याही बाईने हे वाक्य आजवर म्हटले नव्हते. बायकांना नेले जायचे, बहुतेक वेळा उशिरा, त्या स्वतः मागत नसत.

कारणांची मध्येच सुट्टी

"बना," पलंगावरून आबासाहेबांचा आवाज आला. "कुठं दुखतंय?"

"तुमचं दुखलं तितं न्हाय. पर तसंच हाय."

ते उठून बसले.

"आबा, तू पड," विजयमालावन्सं म्हणाल्या. "पित्त हाय तिला. लिंबू-सोडा—"

"अक्का, माझ्या येळंला कुणी लिंबू-सोडा दिला न्हाय मला." त्यांनी पाय खाली सोडले. "मला उचलून पळाला तुमी. गाड्या काढा."

गाड्या काढायच्या म्हणजे काय, ते तेव्हा कळले. घरची गाडी शेडमध्ये आणि तिच्यापुढे सगळा गोतावळा. आजाऱ्याला बघायला आलेल्या माणसांनी आजाऱ्याचा रस्ता बंद केला होता.

ही पांढरी कुणाची? त्यांची. ते कुठायत? बागेत गेलेत, छाटणी बघायला. किल्ली? खिशात. तो टेम्पो? टेम्पोवाला म्हणतो, ब्रेक लावून ठेवलाय, आलोच. आलोच म्हणजे? चहा संपवून. अरे चहा गेला खड्ड्यात, गाडी काढ. मागं घे. अजून. डाळिंबाला लागलं. लागू दे.

बापूसाहेबांनी कोणाचीच वाट पाहिली नाही. त्यांची जीप सगळ्यांत बाहेर होती. टेन्शनचे ज्यांनी एवढे सांगितले, ते स्वतः वहिनीला खुर्चीसकट उचलायला आले. "वहिनी, वजन केलंय का कधी?" ते धापा टाकत म्हणाले.

"तुमच्या भावाचं करत हुते," बनाबाई म्हणाली.

मागे राजलक्ष्मी बसली, तिच्या मांडीवर बनाबाईचे डोके. पुढे अविराज. दार लावणार, तोच विजयमालावन्सं पदर सावरत आत घुसल्या.

"तुमी कशाला, आत्या?" अविराज म्हणाला.

"पित्त निघालं की तिला परत आणायला कुणीतरी नगो का?"

रस्ता

शेळगाव फाटा. उसाच्या दोन ट्रॉल्या पुढे, डुलत. बापूसाहेबांचा हात हॉर्नवर. राजलक्ष्मी सांगते, बोलू नका, फक्त श्वास घ्या.

लासुर्णे. मूठ पाठीतून खांद्यावर येते, खांद्यावरून दंडात. जीपच्या टपाचे कापड फडफडते. बनाबाई मनात म्हणते, आता न्हाय. आता मी बोललेय सगळ्यांदेखत. आता मेले, तर पित्तानंच मेली म्हणतील.

बेलवाडी. कोणीतरी तिचा तळवा चोळत आहे. हात जाड, बांगड्या जुन्या. ती डोळे उघडून बघत नाही. बघितले तर तो हात काढून घेतला जाईल, असे तिला वाटते.

सणसर. भवानीनगर. मळीचा वास. बारामती.

कारण : सगळीच

ईसीजीची पट्टी बाहेर येता येताच डॉक्टरीणबाईंनी कोणाला तरी हाक मारली आणि दोन माणसे पळाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलणे सरळ होते.

"अटॅक आहे. चालू आहे. वेळेत आलात. आत घेतोय." आणि त्याच दमात, हात चालूच ठेवून, "शुगर आहे?"

"माझी?" बनाबाई म्हणाली. "ह्यांची तपासलीय."

नर्सने बोटाला टोचले. आकडा बघून डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "बीपी?"

"शिबिरात एकदा म्हणलं हुतं वाढलंय म्हणून. मग रानात भांगलण आली."

"तंबाखू?"

"न्हाय बाई," अविराज, बापूसाहेब आणि बनाबाई एकदमच म्हणाले. "घरातली सगळी मीच जाळली," बनाबाईने अभिमानाने भर घातली.

"आई मशेरी लावतात," राजलक्ष्मी म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासून. आज जबडा दुखला म्हणून जास्त लावली."

बनाबाईने सुनेकडे असे पाहिले की अटॅक तिलाच यावा. "ती दातांची हाय."

"ती तंबाखूच आहे, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भाजली म्हणून सुटत नाही. हिरडीतून रक्तात जाते. त्यात साखर, त्यात बीपी, पाळी गेल्यावर बाईची जी नैसर्गिक राखण असते ती कमी झालेली. एकानं होत नाही, सगळी मिळून करतात." त्या नातेवाईकांकडे वळल्या. "घरात आधी कुणाला हृदयाचं?"

विजयमालावन्संना हे पाठ होते. "आमचं वडील. थोरलं चुलतं. आन् आता आमचा आबा."

"सगळे पुरुष सांगितलेत. बायकांत?"

स्ट्रेचरच्या चाकाला ब्रेक होता, तो वॉर्डबॉयने पायाने सोडला. बनाबाईने मान वळवून नणंदेकडे पाहिले. जे म्हणायचे ते पाठीवरचा ओला कपडाच म्हणत होता.

"बाई," विजयमालावन्सं डॉक्टरांना म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हता. "ह्यात पाठ भिजती का? गार घामानं?"

"भिजते."

"आन् जबड्याला हात जातो?"

"पुष्कळदा."

"ताकानं हुतं का हे?"

डॉक्टरीणबाईंना प्रश्न कळला नाही, पण उत्तर ठाऊक होते. "ताकानं नाही होत."

"मग लिहा," विजयमालावन्सं म्हणाल्या. "माझी आई. ह्याच वयात."

"तेव्हाचं आता छातीठोक सांगता येणार नाही. पण लिहिते."

स्ट्रेचर हलले.

आत गार होते. बनाबाई जागीच होती. मनगटात टोचले, मग दुखलेच नाही. डोक्याजवळच्या पडद्यावर करड्या ढगात एक काळी वेल उमटायची आणि विरायची. एका फांदीला शेंडा नव्हता. ती मध्येच तुटल्यासारखी थांबत होती. ते आपले हृदय आहे, हे तिला कोणी सांगितले नाही, तरी कळले. मग कोणीतरी "आता" म्हणाले. वेल पुन्हा उमटली, आणि या वेळी तुटलेल्या जागेतून काळी रेघ सरसर खाली उतरली, फुटली, फाटे फुटले, पार कडेपर्यंत गेली.

पाठीतली मूठ सुटली. एकदम. कोणी हात काढून घ्यावा तशी.

"आलं का पाणी?" बनाबाईने विचारले.

मास्कमागून कोणीतरी हसले. "आलं, आजी."

बघायला आलेले

सकाळी माणसे आलीच. इंदापुरातून, निमगावातून, लोणी भापकरहून व्याही. आयसीयूच्या बाहेर बिस्किटांचे पुडे जमले. एकेकालाच आत सोडत होते, तरी प्रत्येक जण दारातून कारण टाकून जात होता. नवऱ्याच्या काळजीनं. गॅसच्या वासानं. दृष्ट लागून. आबासाहेब स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून आले आणि बायकोच्या मनगटाशेजारी आपले मनगट ठेवून बसले. मग म्हणाले, "माझ्यापेक्षा तुझी जाळी मोठी हाय म्हणं."

"मग. खर्च बघा अन् गप बसा."

ते गेल्यावर विजयमालावन्सं आत आल्या. रात्री त्या घरी गेल्या नव्हत्या. लुगडे चुरगळले होते, केस विस्कटले होते. स्टुलावर बसल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले.

"बना."

"वन्सं."

"तवा मी लेकरं घिऊन माहेरी आले, तर आई गेलेली. घामाचं, जबड्याचं मागनं ऐकलं. कुणावर तरी... माणसाला कुणीतरी लागतं बग. त्या ताकाचं मी जे—"

बनाबाई ऐकत होती. हे वाक्य ऐकायला ती इतकी वर्षे थांबली होती. भांडी घासताना, कापणीच्या उन्हात, लेकरे निजवताना तिने ते वन्संच्या तोंडून मनातल्या मनात किती तरी वेळा म्हणवून घेतले होते, आणि प्रत्येक वेळी वेगळे उत्तर दिले होते. आता ते खरेच येत होते. आणि तिचे लक्ष मात्र वन्संच्या मानेवर होते. तिथे घाम होता. तोंडात मशेरीने काळवंडलेले दात होते. बोलता बोलता लागणारा दम होता. त्या एकच जिना चढून आल्या होत्या.

"वन्सं, ते ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आई गेली त्या वयाच्या पुढं तुमी गेलाय आता. तुमची पट्टी कधी काढलीय?"

"कसली पट्टी?"

"छातीची."

"मला काय झालंय?"

"मला तरी काय झालं हुतं? पित्त." बनाबाईने उशीवरूनच दाराकडे बोट केले. आवाज बारीक होता, पण त्यात काल ओसरीला ऐकू गेलेले तेच काहीतरी होते. "राजी बाहेर हाय. तिच्यासंगं जावा. साखर, बीपी, पट्टी, सगळं. बाहेर जेवढ्या बाया बघायला आल्यात, त्यांनाबी घिऊन जावा. त्याशिवाय एकीनंबी आत यायचं न्हाय. तुमीबी न्हाय."

"आन् मी जे बोलत हुते ते?"

"पट्टी घिऊन या. मग बोला. मी कुठं जात न्हाय आता."

विजयमालावन्संनी तिच्याकडे रोखून पाहिले. आबासाहेब या नजरेपुढे खाली बघत, बापूसाहेब विषय बदलत. बनाबाईने ना खाली बघितले ना विषय बदलला.

विजयमालावन्सं उठल्या. या घरात त्यांना उठवणारे आजवर कोणी जन्मले नव्हते. दारात जाऊन त्यांनी पदर खोचला आणि बाहेर जमलेल्या सगळ्या जणींना दरडावून सांगितले, "बिस्किटं ठेवा खाली. रांग लावा. पयला नंबर माझा हाय."